राखेची अंघोळ

शिवगंगा व्याली आणि लिंबाजीनं साबण सोडला.

वाघीण व्याली की तिच्या राखणदारानं राख फासून अंघोळ करायची, हा सर्कशीतला जुना रिवाज. पिलांना परका वास लागला की वाघीण त्यांना फाडून टाकते म्हणे. मागच्या दोन्ही खेपांना शिवगंगानं तेच केलं होतं. आता तीन पिलं होती. प्यायच्या पाण्याचा ठणठणाट, तरी सगळी सर्कस देव पाण्यात घालून बसली होती.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पण दुष्काळात तंबूकडं कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं.

"नव्या जिल्ह्याचे पहिले वाघ!" मॅनेजर विरूपाक्ष म्हणाला. "पिलं जगली तर झुंबड उडेल बघ, लिंबाजी."

"मग लांब थांबा, साहेब. अत्तराचा लई घमघमाट हाय तुमच्या अंगाला. अन् ती बाटली माझ्यापाशी द्या. पिलं मोठी झाली की घ्या."

विरूपाक्षानं हसत बाटली देऊन टाकली. असा राखणदार दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही!

बायकोलाही लिंबाजीनं डोक्याला तेल लावू दिलं नाही.

"माझ्या बाळंतपणात येवढी काळजी केली न्हाई कधी," धुरपताबाई फणकारली. "अन् कुणासाठी? पोटची पोरं खाणाऱ्या कैदाशिणीसाठी!"

"तिला नावं ठेवू नको," लिंबाजी म्हणाला.

शेजारच्या पिंजऱ्यात सुलतान गोल गोल फिरत होता. शिवगंगाच्या त्या दोन खेपांआधीचं, सगळ्यात पहिलं पिल्लू, एवढं एकच जगलेलं. बाप म्हणजे तिचाच सख्खा भाऊ. सर्कशीत दुसरा वाघ नव्हताच. आताच्या पिलांचाही बाप तो भाऊच. सुलतानचे पाय जन्मापासून वाकडे, डोळ्यांत फूल पडलेलं. गजांवर घासून घासून कपाळाची कातडी गेली होती. लिंबाजीनं त्याला मांडीवर घेऊन दूध पाजलं होतं. आता त्याच्याकडं बघितलं की जीव तुटायचा.

"लेकरा, म्याच जगवलं रे तुला," तो पुटपुटला.

दिवेलागणीला त्यानं पाण्याचं घमेलं पलीकडच्या कप्प्यात सरकवलं. तहानलेली शिवगंगा पिलांना सोडून तिकडं गेली, तशी त्यानं मधली जाळी खाली सोडली. पिलं गवतावर एकमेकांना बिलगून कुईकुई करत होती.

लिंबाजीनं कमरेची बाटली काढली, दोन्ही तळहातांना अत्तर चोळलं, गजांतून हात घातला आणि मागच्या दोन्ही खेपांसारखाच एकेका पिलाच्या पाठीवरून मायेनं फिरवला. मग जाळी वर ओढली.