वारुळाला निरोप

शाळेमागच्या वारुळातल्या वाळवीने तिसरीच्या वर्गाची भिंत पोखरली होती. फवारणीवाला तासाभरात येणार होता.

"बाई, मारण्याआधी त्यांना सांगून तर बघू," जमुना पाडवी म्हणाली.

वळवीबाईंनी वर्गाच्या प्रकल्पातली ठोकपेटी आणली. वाळवी डोकं आपटून एकमेकींशी बोलते, ती भाषा ही पेटी शिकली होती. पण मुलांनी आजवर तिच्यातून "इथे पाणी आहे" एवढंच सांगितलं होतं. जमुनाने पेटी वारुळाला टेकवली आणि म्हणाली, "धोका आहे. आंब्याखाली जा."

बराच वेळ काही झालं नाही. मग वारूळ एका बाजूने उघडलं. वाळवीची पांढरी रांग उन्हात बाहेर पडली, आणि तिच्यामागून अंगठ्याएवढी राणी. शेकडो जणी तिला ओढत होत्या.

"उन्हाने मरतील गं त्या," बाई पुटपुटल्या.

मुलं न सांगताच रांगेच्या कडेने खांद्याला खांदा लावून उभी राहिली. त्यांच्या सावलीतून राणी सरकू लागली. आंब्यापर्यंत मुलं पुरेनात, तेव्हा नुकताच आलेला फवारणीवाला पाठीवरच्या पंपासकट शेवटी जाऊन उभा राहिला.

राणी मुळांमध्ये दिसेनाशी झाली. जमुनाने पेटी मुळांपाशी टेकवली, तशी ती वाजू लागली. एकच ठेका, पुन्हा पुन्हा.

"काय म्हणतात, बाई?"

बाईंनी पेटीच्या पडद्यावर पाहिलं. पेटीला तो शब्द ठाऊक नव्हता. त्या मातीत बसल्या आणि बोटांनी तोच ठेका जमिनीवर वाजवला. मुळांखालचा आवाज थांबला. मग खालून तोच ठेका सगळ्या मुलांच्या तळपायांना एकदमच जाणवला.