रोजचा दीड जीबी

सकाळी अकरालाच मेसेज आला: आजचा डेटा संपला. सुनेने कपाळावर हात मारला.

घरात एकच राउटर आणि रोजचा दीड जीबी. तो संपला की नेटची पार गोगलगाय व्हायची. सून घरून काम करायची. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायची. या आठवड्यात तीनदा तिची फाइल अडकली होती. आणखी एकदा अडकली तर काम दुसरीला देऊ, असं कंपनीतल्या वरिष्ठ बाईंनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

राउटरच्या यादीत चोर सापडला. सासऱ्यांचा फोन! जन्मभर लेथ चालवलेला हा माणूस साधा मेसेज पाठवताना घामाघूम व्हायचा. आणि आता सकाळभर व्हिडिओ बघत होता. तोही एकच, नणंदेचा.

नणंद वर्षापूर्वी घरी यायला निघाली आणि रस्त्यातल्या अपघातात गेली. शिवणकाम शिकवणारा तिचा एवढा एक व्हिडिओ नेटवर उरला होता. सुनेला गलबलून आलं. रागावायचं राहूनच गेलं. तिने व्हिडिओची क्वालिटी सगळ्यात खाली आणली. चेहरा जरा पुसट दिसेल, पण नेट पुरेल, असं समजावलं. सासऱ्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच डेटा संपला. क्वालिटी पुन्हा सगळ्यात वर. मग तिने व्हिडिओ त्यांच्या फोनवर डाउनलोडच करून दिला. आता दिवसभर बघा म्हणाली, नेट लागणारच नाही.

तिसऱ्या दिवशी दहालाच ठणठणाट.

आता मात्र तिचा पारा चढला. ती तरातरा त्यांच्या खोलीत गेली. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. फोनवर व्हिडिओ नव्हताच. काळ्या पडद्यावर लोडिंगचं चक्र नुसतं गरगरत होतं, आणि ते त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"बाबा, डाउनलोड केलेला का नाही बघत? माझं काम जाईल हो."

"चुकतंच माझं," सासरे म्हणाले. त्यांनी नजर वर केली नाही. "पण तो लावला की ती लगेच दिसते आणि लगेच संपते. म्हणून मी डेटा आधीच उडवून टाकतो. मग हे फिरत राहतं. हे फिरतंय तोवर ती वाटेतच आहे, पोरी."