कपाळावरचा हिरवा ठिपका

पहाटेची धार आटोपली तशी बायजाक्काच्या सुनेनं गोठाभर नव्या औषधाचा बारीक फवारा मारला आणि दिवा मालवला.

"जिथं दगडीच्या रोगाचे जंतू असतील तिथं हिरवं चमकेल, आत्या. कास सुजायच्या आधीच कळतं."

बायजाक्का श्वास रोखून बघत राहिली. गेल्या साली कपिली गायीचं एक सड दगडीनं कायमचं गेलं होतं, आणि रोग कुठून आला ते कुणालाच उमगलं नव्हतं.

अंधारात पहिल्या गायीच्या सडावर काजव्यासारखा ठिपका उजळला. मग शेजारच्या गायीच्या सडावर, मग तिच्या पलीकडं. ज्या क्रमानं बायजाक्का धारेला बसायची, त्याच क्रमानं.

तिनं स्वतःचे हात पाहिले. दहाही बोटं चमकत होती. आईनं शिकवल्याप्रमाणे चाळीस वर्षं ती दुधात बोटं बुडवूनच धार काढत आली होती.

"एवढंसं असतं, आणि माझ्याच हातानं फिरतं होय," ती पुटपुटली.

हात धुवायला ती हौदावर वाकली. काळ्या पाण्यात तिच्या कपाळावरही हिरवा ठिपका होता. धार झाली की कासेला हात लावून ती तोच हात कपाळाला टेकवून गायीला नमस्कार करायची.

हात तिनं तीनदा घासले. कपाळ पुसायला मात्र तिचा हात उचलेना.