कोचची टोपी

डेमारियस कॉलेजच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळायचा. समोरचा संघ उसंत न देता चढाई करू लागला, की कोच डोक्यावरची टोपी काढायचे. तो इशारा दिसला, की धडधाकट डेमारियस गुडघा धरून कोसळायचा. खेळ थांबायचा आणि दमलेल्या सोबत्यांना श्वास घ्यायला वेळ मिळायचा. "लेका, तू हॉलिवूडलाच जा!" म्हणत पोरं नंतर त्याच्या पाठीत धपाटे घालायची. घरून आईचा काळजीचा फोन आला, की तो म्हणायचा, "काही नाही गं, जरा मुरगळलाय."

ख्रिसमसला तो अलाबामाला घरी गेला. आईनं दार उघडलं, ते वॉकर धरून.

"आई, अगं हे काय?"

"डॉक्टरांनी बजावलं होतं रे, जमिनीवर गुडघे टेकू नका म्हणून. पण तू टीव्हीवर पडलेला दिसलास, की मला कुठलं राहवतंय! मॅच संपेपर्यंत देवापुढे तशीच गुडघ्यांवर बसायचे."

डेमारियसची मान खाली गेली. आईनं वाकून त्याचा गुडघा चाचपला.


"तुझा बरा झाला ना? मग माझे गेले ते कारणी लागले."