रंगाखालचं लोखंड

“इथे खरवडायचं नाही,” भय्यासाहेब म्हणाले आणि पाइपच्या वळणावर तळहात ठेवून उभे राहिले.

वळणावर गेल्या दसऱ्याचं स्वस्तिक अजून लालसर दिसत होतं. ते त्यांनीच काढलं होतं. उद्या पुन्हा दसरा. सकाळी सव्वानऊच्या मुहूर्तावर सोयाबीन तेलाचा हा कारखाना हंगामासाठी सुरू व्हायचा होता, आणि रंगारी फ्रीगंजच्या बाजारातून आणलेला हिरव्या रंगाचा डबा उघडून मचाणाखाली खोळंबला होता. दर वर्षी सगळ्या यंत्रांना दोन हात रंग, मग पूजा, मग वाफ. भय्यासाहेब इथे फोरमन झाले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, यात खंड नव्हता.

ऋता हातात स्क्रेपर घेऊन मचाणावर त्यांच्यासमोर उभी होती. तपासणीची इंजिनीयर म्हणून तिला जेमतेम सहा महिने झाले होते आणि नवी पद्धत बसवायचं काम तिच्या गळ्यात होतं. पद्धत तशी सरळ. सगळ्याच यंत्रांवरून वर्षातून एकदा सारखाच हात फिरवायचा नाही. जे फुटण्याचा संभव जास्त आणि फुटलं तर माणसं जातील, ते आधी तपासायचं, आणि पुन्हा पुन्हा तपासायचं. धोक्याचं ते लाल, बिनधोक ते हिरवं. भय्यासाहेबांच्या वहीतले जाडीचे आकडे भरले तर हा पाइप हिरव्यात जाऊन बसला. ज्यातून तेल काढायच्या द्रावकाची, पेट्रोलसारखी पेट घेणारी गरम वाफ जाते, तो पाइप साऱ्या कारखान्यात सगळ्यात निर्धोक! तेव्हापासून ऋताला चैन नव्हतं.

“काका, हा नवा बसवला तेव्हा किती जाड होता?”

“सात पॉइंट एक मिलिमीटर.” त्यांना वही बघावी लागली नाही.

“आणि गेल्या वर्षी?”

“सात पॉइंट दोन. बढिया माल आहे, बेटा. रत्तीभर झिजला नाही.”

“झिजला नाहीच. वाढला.”

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. “म्हणजे मी खोटं लिहिलं?”

ऋताला वाईट वाटलं. डिसेंबरात निवृत्त होणारा, वडिलांच्या वयाचा माणूस. वहीत त्याने कधी एक आकडाही इकडचा तिकडे केला नव्हता. जाडी मोजायच्या मीटरने जे दाखवलं तेच लिहिलं होतं. म्हणूनच तर कुणाला शंका आली नाही.

“तुम्ही खरंच लिहिलंत. पण मीटरला रंग आणि लोखंड वेगळं कळत नाही, काका. रंगाचा एक मिलिमीटर तो लोखंडाचे अडीच म्हणून मोजतो. आणि आपण दर दसऱ्याला दोन हात देतो.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मॅनेजरसाहेब. त्यांचा आवाज भय्यासाहेबांनाही ऐकू येत होता.

“मॅडम, सीझन के बाद खुरच लीजिए ना. ट्रक गेट पे खडे हैं, कल मुहूर्त है.”

“मुहूर्त आपको मालूम है, सर. पाइप को नहीं,” ऋता म्हणाली. “देखे बगैर मैं साइन नहीं करूंगी.”

तिने फोन खिशात टाकला. नोकरीवर गदा आली तर घरी काय सांगायचं, हा विचार मनात येऊन गेला. तिने खाली पाहिलं. पाइपच्या बरोबर खाली गोण्या शिवणाऱ्या बायका डबे सोडून जेवायला बसल्या होत्या. बारा-तेरा जणी असतील. हंगामभर त्यांची जागा तीच.

तिने स्क्रेपर पुढे केला. भय्यासाहेबांनी तिचं मनगट धरलं.

“दे इकडे. मी काढलंय, मीच पुसतो.”

त्यांनी चपला काढल्या, स्वस्तिकाला हात लावून नमस्कार केला आणि पातं लावलं. पहिल्यांदा नुसता भुगा पडला. मग एक अख्खी खपली सुटून त्यांच्या तळहातावर आली. रुपयाच्या नाण्यापेक्षा जाड. कडेला हिरवे, करडे, पुन्हा हिरवे थर, खारी बिस्किटाच्या पापुद्र्यांसारखे. ते बराच वेळ बोटाने थर मोजत राहिले आणि मग त्यांनी मोजणं सोडून दिलं.

उघड्या लोखंडावर ऋताने मीटर नीट चिकटावा म्हणून जेल लावलं, मीटर टेकवला. आकडा मात्र भय्यासाहेबांनी वाचला, दर वर्षी वाचत तसाच मोठ्याने.

“दोन पॉइंट सहा.”

“परत लावू?”

“लाव.”

पुन्हा दोन पॉइंट सहा. तीनच्या खाली गेलेला पाइप त्याच दिवशी बाद करायचा, हे ऋताला पहिल्या आठवड्यात त्यांनीच शिकवलं होतं.

तिने मॅनेजरसाहेबांचा नंबर लावला. भय्यासाहेबांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला.

“साहब, भय्यासाहेब बोल रहा हूं. कल पूजा होगी. भाप नहीं.” पलीकडचा आवाज चढला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला. “पाइप बदलने तक नहीं. हां, साहब, मेरे नाम पे लिख लीजिए.”

खालून रंगाऱ्याने हाक दिली, “भय्यासाहब, रंग सूख रहा है!”

भय्यासाहेब मचाणावरून उतरले, डब्याचं झाकण उचललं आणि मुठीने ठोकून बसवलं.

“बाकी पाइप रंग देना. पर पहले हर पाइप पे रुपये जितनी जगह साफ करके खुली छोडना,” ते म्हणाले. तळहातावरची खपली अजून त्यांनी टाकली नव्हती. मग वर ऋताकडे बघून मराठीत म्हणाले, “उद्या टिळा तिथे, लोखंडाला लावीन. इतकी वर्षं मी रंगालाच लावत होतो.”