रिबेंजी

साखरपुडा मोडताना सन्मती पाटलानं जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या अंगणात सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “पोरीला चार माणसांत बोलता येत न्हाई. माझ्या धंद्यात असली बायको काय कामाची?” चंदना तेव्हा खाली मान घालून घरी आली होती.

आज त्याच सन्मतीच्या सांगलीतल्या बेदाण्याच्या गोदामात ती जपानी पाहुण्याची दुभाषी म्हणून उभी होती. ओकादासाहेबांनी बेदाणा तळहातावर पसरला, काड्या वेचून बाजूला ठेवल्या आणि नकारार्थी मान हलवली. मग हसून जपानीत म्हणाले, “या खेपेला जमलं नाही. पुढच्या हंगामात रिबेंजी करा, आम्ही वाट बघतो.”

शब्द मूळचा इंग्रजी, सुडाचा. पण जपानी माणसं तो रोजच्या बोलण्यात वेगळ्याच अर्थानं वापरतात. नापास झालेलं पोर पुन्हा परीक्षेला बसतं, ती रिबेंजी. हरलेल्यानं पुन्हा जोर लावायचा, एवढंच.

सन्मतीला सगळ्या वाक्यात तेवढा एकच शब्द कळला आणि त्याचा चेहरा उतरला. “रिव्हेंज? सूड घेणार म्हणतायत का काय, मॅडम?”

चंदनानं त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. “व्हय. हसण्यावर जाऊ नका, लय चिडलेत. तुमी आता काही बोलूच नका.”

मग ओकादासाहेबांकडं वळून ती अदबीनं जपानीत म्हणाली, “पुन्हा प्रयत्न करायची यांची इच्छा नाही.”