उद्या बोलायचं ते

नेलकटर कट्ट वाजलं, तेव्हा कुठे खोलीतली शांतता मोडली.

भिंगरी आईच्या पुढ्यात बसली होती. एरवी एका जागी टिकेल तर शपथ. आज तिने हात मुकाट्याने पुढे केला होता. उद्या न्यायाधीश तिच्याशी एकटीशीच बोलणार होते. तिने इथे आईजवळ राहायचं, की समुद्रापलीकडे बाबाकडे परत जायचं, ते त्यानंतर ठरणार होतं.

बाबाला न विचारताच आई तिला घेऊन विमानाने इकडे आली होती. मदत केंद्रातल्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, कायदा याला मूल पळवून नेणं म्हणतो. पोटच्या पोरीला कुणी पळवतं का, असं तेव्हा आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. आता तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

मघाशी त्यांचाच फोन येऊन गेला. कागदपत्रांचं मी बघते, म्हणाल्या, तुम्ही एकच करा, मुलीला काही शिकवू नका. पढवलेलं पोर दोन वाक्यांत ओळखू येतं, आणि मग त्याचं खरंही खोटं ठरतं.

मावशीला हे पटलं नव्हतं. तो तिकडून रोज फोनवर पोरीला सायकल कबूल करणार, आणि आपण तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं? कपड्यांच्या घड्या घालता घालता तिच्याच्याने राहवेना.

"ताई, त्याने शिकवलं की लाड, आणि तू शिकवलंस की गुन्हा?"

आईने भिंगरीची करंगळी चिमटीत धरली. करंगळीचं नख इवलंसं असतं, तिथे फार जपावं लागतं.

न्यायाधीश चॉकलेट देतात का, असं भिंगरीने मध्येच विचारलं. मावशीला हसू आलं. पोरगी तुझ्यापेक्षा व्यवहारी आहे, म्हणाली, आणि घड्या घेऊन आत गेली.

आईने कापलेली नखं कागदात गोळा केली. भिंगरी वळली. तापात आई तिचा चेहरा निरखते, तसा तिने आईचा निरखला.

"आई, काल फोनवर बाबापण रडला," ती हळूच म्हणाली. "मी उद्या काय सांगितलं, की कुणीच रडणार नाही?"